सांधे हलते ठेवा

"डॉक्टर, गुडघ्यातले वंगण संपले म्हणतात. आता चालणे बंदच करू का?" हा प्रश्न मला दवाखान्यात आठवड्यातून दोन-तीनदा तरी ऐकावा लागतो. शेजारीपाजारीही विश्रांतीचाच सल्ला देतात. हा सल्ला चुकीचा का, हे कळण्यासाठी आधी सांध्याची रचना पाहू.

दोन हाडे जिथे एकत्र येतात तो सांधा. खांदा आणि खुबा हे उखळीचे सांधे. हाडाचा गोल माथा खोबणीत बसतो, म्हणून हात-पाय सर्व दिशांना फिरतात. खांद्याची खोबण उथळ असल्याने हात अधिक मोकळा फिरतो, पण खांदा निखळतोही लवकर. खुब्याची खोबण खोल असते, कारण त्याला शरीराचा भार पेलायचा असतो. गुडघा मुख्यतः बिजागरीसारखा चालतो. बळकट अस्थिबंध त्याला जागेवर धरून ठेवतात आणि आतल्या दोन चंद्रकोरीसारख्या गाद्या धक्के सोसतात.

सांध्यातील हाडांच्या टोकांवर गुळगुळीत, पांढरे आवरण असते. हीच कूर्चा. ती जेमतेम काही मिलिमीटर जाड असते आणि तिच्यात निम्म्याहून जास्त पाणीच असते. विशेष म्हणजे तिच्यात रक्तवाहिन्या नसतात. मग तिचे पोषण होते कसे? सांध्याच्या आतील अस्तर एक चिकट द्रव तयार करते. निरोगी गुडघ्यात तो चहाचा चमचाभरही नसतो. पाऊल टेकले की कूर्चा स्पंजासारखी दाबली जाते, पाऊल उचलले की ती हा द्रव शोषून घेते. त्यातूनच तिला अन्न मिळते. म्हणजे हालचाल हेच कूर्चेचे जेवण! गुडघा महिनोन् महिने हलवला नाही, तर आपण तिला उपाशी ठेवतो.

हे 'वंगण' मोटारीच्या तेलासारखे संपत नाही, शरीर ते सतत बनवत असते. झिजते ती कूर्चा. तिच्यात चेतातंतूही नसल्याने सुरुवातीची झीज दुखत नाही. दुखू लागते तेव्हा आजूबाजूचे अस्तर व हाडही त्रासलेले असते. झिजलेली कूर्चा पूर्ववत भरून येत नाही, हे विल्यम हंटर यांनी १७४३ मध्येच लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडले होते. म्हणून आहे ती जपणे महत्त्वाचे.

त्यासाठी काय करावे?

वजन आटोक्यात ठेवा. स्थूल व्यक्तीचे वजन एक किलो उतरले, तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने हलका होतो.

मांडीचे स्नायू बळकट करा. खुर्चीवर बसून एक पाय सरळ करावा, पाच ते दहा आकडे मोजेपर्यंत ताठ धरावा, मग खाली घ्यावा. प्रत्येक पायाने दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ.

सपाट रस्त्यावर झेपेल तेवढे रोज चाला. सुरुवातीला थोडे दुखले तरी घाबरू नका. दुसऱ्या दिवशीही दुखणे वाढलेले राहिले तर अंतर कमी करा, पण चालणे सोडू नका. गुडघा दुखत असेल तर उकिडवे बसणे मात्र टाळा.

वेदनाशामक गोळ्या स्वतःच्या मनाने रोज घेऊ नका. त्यांनी जठराला व्रण होतात, मूत्रपिंडेही बिघडतात. बाजारात मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्यांपासून तर दूरच राहा. त्यांपैकी काहींत स्टेरॉइड मिसळलेले असते. चार दिवस बरे वाटते, पुढे हाडे ठिसूळ होतात आणि रक्तातील साखर वाढते.

सांधा एकाएकी सुजला, लाल व गरम झाला, सोबत ताप आला किंवा मार लागल्यावर पाय टेकवेना, तर थांबू नका. बोटांचे सांधे सुजून सकाळी तासभर आखडत असतील, तर तो आमवात असू शकतो. अशा वेळी घरगुती लेप लावत दिवस न घालवता डॉक्टरांना दाखवा. आमवातावर लवकर उपचार सुरू झाले, तर सांधे वाचवता येतात.