चिंधी सरळ का फाटते?

जुन्या सुती साडीच्या कडेला कात्रीने अर्ध्या इंचाची चीर द्या आणि दोन्ही हातांनी टर्रकन फाडा. ना फूटपट्टी लावली, ना खडूची रेघ ओढली, तरी पट्टी निघते ती अगदी सरळ. साधं विणलेलं कापड म्हणजे उभे आणि आडवे धागे. फाडताना सगळा जोर चिरेच्या टोकाला असलेल्या एकदोन धाग्यांवर येतो. ते तुटले की पुढच्या एकदोन धाग्यांवर. शेजारचे समांतर धागे चिरेला वळू देत नाहीत. टी-शर्टचं कापड असं फाडायला जा, ते नुसतं ताणत राहील; त्यात धाग्यांचे फासे एकमेकांत अडकवलेले असतात. चिंध्यांपासून पहिल्यांदा काही शिवणाऱ्याला म्हणूनच सुती साड्या, धोतरं आणि शर्ट बरे. सरळ रेघ कापडातच असते.

हे सूत मुळात येतं कापसातून. जवळा बाजार हे हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथ तालुक्यातलं बाजारपेठेचं गाव. भोवती काळी माती आणि तिच्यात कापूस. या कापसाचा एक तंतू जेमतेम इंचभर लांब असतो, आणि त्याच्यापासून २७ फुटांची नऊवारी होते! तंतू एकमेकांना कशानेही चिकटवलेले नसतात. त्यांना फक्त पीळ दिलेला असतो. सूत ओढलं की ते एकमेकांना आणखी घट्ट धरतात. दुबळ्यांना एकत्र धरून बळकट करण्याची ही युक्ती सूत कातताना एकदा वापरली जाते, विणताना दुसऱ्यांदा. साडी विरली, तिच्या चिंध्या झाल्या, की तिसरी पाळी गोधडीची.

याच जिल्ह्यातल्या नर्सीला संत नामदेवांचं जन्मगाव मानतात. घराणं शिंप्याचं. गुरू ग्रंथ साहिबात त्यांची ६१ पदं आहेत आणि त्यांतल्या एका पदात गज, कात्री, सुई, दोरा अशी दुकानातली सगळी अवजारं त्यांनी थेट भक्तीच्या कामाला लावली आहेत.

आता वाकळीचा, म्हणजे गोधडीचाच, हिशेब पाहा. नऊ वारांचे फूट २७. साडीची लांबी चौपदरी केली की पावणेसात फूट भरते, आणि पन्हा चार फुटांच्या आतबाहेर. म्हणजे एका नऊवारीत एका माणसाच्या वाकळीचे चार थर न कापता निघतात. वर-खाली जरा धड कापड, मध्ये विरलेलं, जिथे फाटलं तिथे ठिगळ. मग धावदोरा. चार फूट बाय सहा फुटांच्या वाकळीवर अर्ध्या अर्ध्या इंचावर ओळी घातल्या, तर शिवणीची एकूण लांबी होते ५७६ फूट, जवळपास १७५ मीटर! इंचाला दोन टाके धरले तर १३ हजार ८२४ टाके. हे सगळं हाताने, दुपारचं काम आवरल्यावर. यंत्राच्या जाहिरातीत असले आकडे ठळक अक्षरांत छापतात. वाकळीचे कुणी मोजत नाही.

हे टाके करतात काय? चीर पुढे सरकायला एकेक धागा एकटा सापडावा लागतो. ती टाक्यांच्या ओळीशी आली की एकट्या धाग्याऐवजी चार थर एकदम आडवे येतात, आणि चीर बहुतेक वेळा तिथेच थांबते. पॅराशूटच्या कापडात ठरावीक अंतरावर जाड धागे विणतात ते याच हेतूने. ऊब मात्र कापडापेक्षा हवेची. स्थिर हवा उष्णतेला सहजी वाट देत नाही, आणि थरांच्या मध्ये, टाक्यांनी उठलेल्या बारीक सुरकुत्यांत ती अडकून राहते. दोरा फार ओढून शिवलेली गोधडी दिसायला घट्ट, पण तिच्यात हवेला जागा उरत नाही.

नवशिक्याने मात्र थेट गोधडीला हात घालू नये. बसकर शिवावं. शिंप्याकडे कातरण मागा. साध्या सुती कापडाचंच घ्या. आधी गरम पाण्यात धुवा, कारण नवं सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं, जुनं आटून मोकळं झालेलं असतं. दोन्ही तसंच जोडलं तर पहिल्याच धुण्यानंतर बसकराला चुण्या पडतात. सहा इंची नऊ चौकोन कापा, धाग्याच्या रेषेत. तिरकं, शिंपी ज्याला उरेब म्हणतात तसं, कापलेलं कापड हातात घेताच लांबतं. चौकोन नुसते मांडले तर बाजू १८ इंच. प्रत्येक कडेला अर्धा इंच शिवणीत घेऊन जोडले आणि बाहेरची कडही दुमडली, की उरते १५ इंच. तीन इंच कापड गेलं कुठे? उलट्या बाजूला, शिवणीत. याच १८ इंचांसाठी तीन इंची ३६ तुकडे घेतलेत तर हाती राहतील फक्त १२ इंच. क्षेत्रफळ पाहिलं तर निम्म्याहून जास्त कापड शिवणीने गिळलं. पहिल्या खेपेला तुकडे मोठे ठेवायचे ते म्हणून.

तीन-तीन चौकोनांच्या ओळी आधी शिवा. पहिल्या ओळीच्या शिवणी इस्त्रीने डावीकडे पाडा, दुसरीच्या उजवीकडे, तिसरीच्या पुन्हा डावीकडे. ओळी जोडताना शिवणींची जाडी एकमेकींवर चढत नाही आणि चौकोनांचे कोपरे नेमके भिडतात. खाली जुन्या साडीच्या दोन-तीन घड्या, मग अस्तर. सगळे थर लांब कच्च्या टाक्यांनी धरून घ्या आणि मगच धावदोरा घाला.

तुकडे जोडण्याला आपल्याकडे मोठे वाली मिळाले आहेत. बांध घातलेली मगधातली भातशेती पाहून बुद्धांनी आनंदाला भिक्षूंचं चीवर तसंच रचायला सांगितलं, असं विनयपिटकात आहे. तुकड्यांच्या वस्त्राचा दुसऱ्या कुणाला लोभ उरत नाही, हाही हिशेब त्यात होता. गाडगेबाबांना लोक गोधडे महाराज म्हणत, ते त्यांच्या अंगावरच्या चिंध्यांच्या वस्त्रामुळे. कर्नाटकातल्या हल्याळ-यल्लापूरकडच्या सिद्दी समाजाच्या बायका आपली कवंदी, म्हणजे गोधडी, कडेकडेने शिवत मध्याकडे येतात आणि चार कोपऱ्यांवर कापडाच्या घडीची फुलं लावल्याशिवाय तिला पुरी मानत नाहीत.

तुमच्या घरातल्या जुन्या गोधडीचा कोपरा उसवला असेल, तर शिवण्याआधी आत बोट घालून थर मोजा. जुनी विरलेली गोधडीच नवीच्या पोटात घालायची पद्धत होती, त्यामुळे आत आणखी एक गोधडी सापडू शकते.