गाडीत पुढे आलेला हात

बाजाराचा दिवस. एस. टी. गच्च भरलेली. ड्रायव्हरचा चहा व्हायचा असतो, तेवढ्यात एक आंधळा माणूस काठी टेकीत गाडीत चढतो. अभंग म्हणत तो मागच्या सीटपर्यंत जातो. कुणी रुपया घालतो, कुणी खिडकीबाहेर पाहू लागतो, तर कुणाला नेमकी त्याच वेळी झोप लागते! रेल्वेच्या पॅसेंजरमध्येही हेच. तिथे अंगातल्या सदऱ्याने डबा झाडून हात पुढे करणारी पोरे दिसतात.

दानधर्म आपल्याला नवा नाही. खळ्यावर रास पडली की वासुदेवाला, गोंधळ्याला सुपाने धान्य घालणारी आपण माणसे. पण तिथे ओळख असते. गाडीतला हात अनोळखी. म्हणून मन घुटमळते. हा खरा गरजू की धंदेवाईक?

१९५९ च्या मुंबई भीक प्रतिबंधक कायद्याने गाणे म्हणून किंवा भविष्य सांगून मागणे हीसुद्धा भीकच ठरवली. रेल्वेतही भीक मागायला मनाई आहे. मात्र २०१८ साली दिल्ली उच्च न्यायालयाने दिल्लीपुरती या कायद्यातील शिक्षेची कलमे रद्द केली. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयानेही भिकाऱ्यांना रस्त्यावरून हटवण्याचा आदेश द्यायला नकार दिला. माणूस हौसेने नव्हे, गरिबीने हात पसरतो, असा त्यामागचा विचार होता.

मग आपण काय करावे? गाडगेबाबा गावात आले की आधी खराटा हाती घेत आणि मगच भाकरी घेत. भुकेल्याला अन्न द्या, बेकाराला काम द्या, ही त्यांची शिकवण. तोच धडा इथे लागू पडतो. म्हाताऱ्याला, अपंगाला मनाला पटेल ते द्या. शिदोरीतली भाकरी दिली तरी चालेल. द्यायचे नसेल तर हात जोडून नाही म्हणा, पण हिडीसफिडीस करू नका. कुणी अंगावर येऊन त्रास देत असेल तर कंडक्टरला सांगा. लहान मुलाच्या हातावर मात्र पैसे ठेवू नका. त्याची कमाई होत राहिली तर त्याला शाळेत कोण घालील? त्याला खाऊ द्या आणि १०९८ या क्रमांकावर फोन करा. हा फोन मुलांच्या मदतीसाठीच आहे.

मागे तालुक्याच्या स्टँडवर एका म्हातारीने माझ्यापुढे हात केला. "आजी, गाव कुठलं?" असे विचारले, तर तिने आमच्या शेजारच्याच गावाचे नाव सांगितले. "मग इतक्या लांब कशाला येता?"

"गावात वळखीची माणसं हायेत, बाबा. लाज वाटती."

नवरा जाऊन बरीच वर्षे झाली होती. पगार चालू झाला नव्हता, कारण कागद कुणी केले नव्हते.

निराधारांसाठी संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० पासून आहे. पासष्ट वर्षांवरील गरीब वृद्धांसाठी श्रावणबाळ योजना आहे. २०२३ साली हे अनुदान दरमहा १,५०० रुपये झाले. आधार कार्ड, वयाचा, उत्पन्नाचा व रहिवासाचा दाखला, विधवेच्या बाबतीत नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला, बँकेचे पासबुक, एवढे घेऊन तहसील कचेरीत अर्ज करायचा. लिहितावाचता येणाऱ्याला हे दोन-चार फेऱ्यांचे काम. एकट्या म्हातारीला तो डोंगर वाटतो.

गाडीत रुपया द्यावा की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे. पण आपल्या आळीत अशी एखादी एकटी आजी असेल तर या आठवड्यात तिचे कागद पाहा. गावातल्या माणसांनी वेळीच विचारपूस केली, तर स्टँडवर पुढे येणारा एक हात तरी कमी होईल.