टाकी नंबर चार अजून तयार नाही: एका छोट्या ब्रूअरीतली दुपार (भागाचा लिखित मजकूर)

ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं अशांसाठी हा या भागाचा लिखित मजकूर. बोलताना आलेले माझे 'म्हणजे बघा' बरेचसे काढलेत. सगळे निघाले नाहीत, चालवून घ्या.

आधीच सांगतो, आजचा विषय बिअर आहे. महाराष्ट्रात २१ वर्षांच्या आत बिअर पिणं कायद्यात बसत नाही. त्यामुळे तुम्ही त्याहून लहान असाल तर हा केमिस्ट्रीचा तास समजा. आणि पीत नसाल तर या भागामुळे सुरू करू नका. दारूचं 'सुरक्षित' असं कुठलंही प्रमाण नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलंय.

तर झालं असं. मागच्या महिन्यात सोमवारी आमचा रिलीज होता. एक ऑटोमेटेड टेस्ट दहातून एकदा फेल व्हायची. परत चालवली की हिरवी. टीममध्ये सगळ्यांचं म्हणणं एकच, 'रीरन मार, जाऊ दे.' मीही तीनदा रीरन मारून पास दाखवली होती. डोक्यात तेच घोळत होतं. म्हणून रविवारी रूममेट म्हणाला, 'चल, मुंढव्याला एक ब्रूअरी आहे, आतून दाखवतात.' गेलो.

पुण्याला हा नाद तसा २००९ पासूनचा. त्या वर्षी इथे डूलाली सुरू झाली. नावाची गंमत माहितीये का? इंग्रजीत 'डूलाली' म्हणजे डोकं फिरलेला, आणि तो शब्द आलाय आपल्या नाशिकजवळच्या देवळालीवरून. मायदेशी जाणारं जहाज मिळेपर्यंत ब्रिटिश सैनिकांना तिथल्या छावणीत ठेवायचे. उकाडा, कंटाळा, काम काही नाही. त्यात जे व्हायचं त्याला सैनिक 'डूलाली टॅप' म्हणायचे. टॅप म्हणजे आपला ताप!

असो. आम्ही गेलो ती जागा वेगळी, लहान. काचेपलीकडे स्टीलच्या सहा टाक्या, प्रत्येकी ५०० लिटरच्या. आम्हाला आत नेलं ती ब्रूअर माझ्याच वयाची, मायक्रोबायोलॉजी शिकलेली, पायात गमबूट. पहिलं वाक्य तिचं, 'बोर्डवर लागर लिहिलंय ना, ती आज नाहीये. टाकी नंबर चार अजून तयार नाही.' रविवार दुपार, बाहेर वेटिंग, आणि सगळ्यात जास्त खपणारी बिअर नाही. मालक फोनवर कुणाला तरी तेच समजावत होते, चेहरा पडलेला. त्या टाकीकडे येतोच, आधी बिअर होते कशी ते बघू.

चार गोष्टी

जव, पाणी, हॉप्स आणि यीस्ट. बव्हेरियात १५१६ साली बिअरचा नियम झाला, त्यात फक्त पहिल्या तीनच होत्या. यीस्ट नव्हतं, कारण बिअर आंबवणारा एक सूक्ष्म जीव आहे हे कुणाला ठाऊकच नव्हतं. ते नीट कळायला एकोणिसावं शतक आणि लुई पाश्चर यावा लागला.

सुरुवात जवापासून. आई नाचणीला मोड आणते, वाळवते, दळते आणि नाचणी सत्त्व करते, आठवतंय? जवाचं माल्ट म्हणजे डिट्टो तेच. मोड येताना दाण्यात एन्झाइम्स तयार होतात. मग दाणा वाळवून मोड थांबवायचा. जास्त भाजला की रंग गडद. ब्रूअरने मूठभर दाणे हातावर दिले. चावून बघितले तर तोंडात थेट हॉर्लिक्स.

हे माल्ट भरडून साधारण ६५ ते ६७ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवतात. इथे एन्झाइम्स स्टार्चची साखर करतात. तापमान थोडं खाली ठेवलं तर यीस्टला पचणारी साखर जास्त आणि बिअर कोरडी. थोडं वर ठेवलं तर न पचणारी साखर उरते, बिअर तोंडात भरीव लागते. दोन-तीन अंशांचा खेळ आहे सगळा. उरलेला चोथा जनावरांच्या खाद्याला जातो.

मग ते गोड पाणी तासभर उकळायचं आणि त्यात हॉप्स टाकायचे. हॉप्स म्हणजे एका वेलीची हिरवी, छोट्या कणसासारखी फुलं. भारतात हिमाचलमधल्या लाहौलला होतात, पण बहुतेक बाहेरूनच येतात. सुरुवातीला टाकले तर कडूपणा उतरतो. शेवटी टाकले तर वास टिकतो. आमटीला कढीपत्ता कधी घालता त्यावर चव बदलते ना, तसंच.

शेवटी सगळं थंड करून यीस्ट घालायचं. हे आपलं विरजण समजा. आधीच्या घाणीतलं यीस्ट काढून पुढच्याला लावतात, अगदी तसंच. ते साखर खातं आणि अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड सोडतं. एल प्रकारचं यीस्ट १८ ते २२ अंशांत खूश असतं, आठवड्याभरात बरंचसं काम उरकतं. लागरचं यीस्ट ८ ते १३ अंशांत, निवांत. त्यानंतर ती बिअर कित्येक आठवडे शून्याच्या आसपास मुरवत ठेवतात. जर्मनमध्ये 'लागर्न' म्हणजे साठवणं. नावातच वेळ आहे.

टाकी नंबर चार

मी विचारलं, 'काय बिघडलंय तिच्यात?' ती म्हणाली, 'तुम्हीच वास घ्या.' टाकीतून दोन छोटे नमुने काढले. पहिला हुंगला, चांगला होता. मी म्हटलं, मस्त आहे की! दुसरा तिने झाकण लावून ६० अंशांच्या गरम पाण्यात वीसेक मिनिटं ठेवला, मग पहिल्याइतका थंड करून हातात दिला. मंडळी, थिएटरमधलं बटर पॉपकॉर्न!

त्या वासाचं नाव डायअसेटिल. यीस्ट काम करताना एक पदार्थ बाहेर टाकतं, त्याला स्वतःला वास नसतो. पण हळूहळू त्याचं डायअसेटिल होतं. यीस्टला वेळ दिला तर ते हे डायअसेटिल परत शोषून घेतं. म्हणून लागर संपत आली की दोन-तीन दिवस तापमान थोडं वाढवतात आणि यीस्टला सफाई करू देतात. घाई करून टाकी आधीच गार केली तर यीस्ट झोपतं, तो बिनवासाचा पदार्थ तसाच राहतो. आज ग्लास छान लागतो, दहा दिवसांनी त्याच बिअरला लोण्याचा वास. गरम करण्याची ही टेस्ट म्हणजे दहा दिवसांनी होणारी गोष्ट वीस मिनिटांत घडवून बघायची.

मी विचारलं, 'पण आज तर कुणालाच कळणार नाही ना?' ती म्हणाली, 'मला कळलंय ना.' आणि बोर्डवरची लागर फडक्याने पुसून टाकली.

माझा रूममेट माझ्याकडे बघून हसला. त्याला माझे तीन रीरन माहीत होते.

चव कशी बघायची

आम्ही सॅम्पलर घेतला, तीन छोटे ग्लास आणि सोबत साधं पाणी. क्रम नेहमी हलक्याकडून जड चवीकडे. बर्फासारखी गार बिअर मागू नका, जीभ बधिर होते आणि वास येत नाही. आधी हुंगा, मग छोटा घोट, तोंडात फिरवून गिळा. सोबत शेजवान काही मागवू नका, खारे शेंगदाणे पुरे.

पहिली हेफेवायझेन. गढूळ, पिवळसर, निम्म्याहून जास्त गहू. वास पिकलेल्या केळ्याचा आणि मागून लवंगेचा. यात ना केळं असतं ना लवंग, दोन्ही वास यीस्ट बनवतं. केळ्याच्या वासाचा रेणू आयसोअमाइल असिटेट, तोच खऱ्या केळ्यातही असतो.

दुसरी आयपीए, म्हणजे इंडिया पेल एल. 'इंडिया' का, तर अठराव्या शतकाच्या अखेरीपासून लंडनहून अशी पेल एल जहाजाने आफ्रिकेला वळसा घालून इथल्या गोऱ्यांसाठी यायची. प्रवास टिकावा म्हणून ती मुद्दाम शोधून काढली ही गोष्ट लोकप्रिय आहे, पण बिअरचे इतिहासकार ती मानत नाहीत. ग्लासात पपनसाच्या सालीचा वास, आणि मग कारल्यासारखा कडूपणा. पहिल्या घोटाला माझं तोंड वाकडं झालं. तिसऱ्याला आवडली.

तिसरी स्टाउट. काळी, जव कॉफीसारखा भाजलेला, चवही फिल्टर कॉफीच्या जवळची. काळी म्हणजे कडक, हा गैरसमज आहे. रंग भाजण्यातून येतो, अल्कोहोल साखरेतून. आयर्लंडच्या प्रसिद्ध गिनेसमध्ये ते ४.२ टक्क्यांच्या आसपास असतं, आपल्याकडच्या बाटलीतल्या 'स्ट्राँग'पेक्षा कितीतरी कमी.

तीन छोटे ग्लास, दोन तास. आधी मी दोन तासांत याच्या तिप्पट प्यायचो आणि चव विचारली असती तर 'गार होती' एवढंच सांगितलं असतं. परत रिक्षाने आलो. गाडी चालवताना रक्ताची मर्यादा १०० मिलीलिटरला ३० मिलिग्रॅम आहे, आणि 'मला चढली नाहीये' हा काही ब्रेथ ॲनालायझर नव्हे.

सोमवारी सकाळी स्टँडअपला मी सांगितलं की ती टेस्ट मी रीरन मारून पास दाखवली होती, रिलीज थांबवूया. मॅनेजर खूश नव्हते. दोन दिवस गेले. सर्व्हरवर मुद्दाम लोड टाकला तेव्हा बग दिसला, एकाच पेमेंटची नोंद दोनदा होत होती. क्लायंटने उशिराबद्दल खरमरीत मेल पाठवला, तो अजून इनबॉक्समध्ये आहे.

तीन आठवड्यांनी परत गेलो. बोर्डवर लागर होती. स्वच्छ, ब्रेडच्या कडेसारखा वास, शेवटी थोडा कडूपणा. लोण्याचा वास शोधत बसलो, सापडला नाही.

तुमच्या कामात अशी 'टाकी नंबर चार' कधी आली असेल तर व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात वाजवू. भेटूया!