नगरची मंडळी आणि तिचा मराठी वारसा

अमेरिकन मराठी मिशनचे पहिले पाद्री १८१३ साली मुंबई बंदरी उतरले तेव्हा कंपनी सरकारचा त्यांना कडवा विरोध होता. तरीही हे कार्य टिकले, घाटावर चढले, १८३१ मध्ये अहमदनगर येथे (आताचे अहिल्यानगर) त्याचे ठाणे झाले आणि १८३३ मध्ये तेथे पहिली ख्रिस्ती मंडळी स्थापन झाली. प्रारंभी ती संख्येने अत्यल्प होती. परंतु तिच्या परिसरात जे घडले त्याचे ऋण सबंध महाराष्ट्रावर आहे, असे आम्हांस निःसंशय वाटते. मिशनच्या मिस सिंथिया फरार यांची मुलींची शाळा जोतीराव फुले यांनी येथेच पाहिली आणि १८४८ मध्ये पुण्यात स्वतःची शाळा काढली. ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिकही १८४२ मध्ये येथूनच निघू लागले.

उपासनेचे मराठीपण हा मात्र या वारशाचा गाभा होय. कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी ख्रिस्तकथेला कीर्तनाचा साज चढविला, आणि १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेऊन पुढे नगरास स्थायिक झालेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अभंग, ओवी व पदे यांच्या द्वारे ही भक्ती वारकरी परंपरेच्या इतकी निकट आणली की, परकीय चालींवर रचलेली गीते गाणाऱ्या उपासकांना आपल्या मातीचा स्वर गवसला. त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे काव्य १९१९ मध्ये त्यांच्या निधनाने अपुरे राहिले, ते त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पूर्णत्वास नेले. ‘उपासना संगीत’ या संग्रहातील टिळकांची पदे मराठी मंडळ्यांतून आजही गाइली जातात.