प्रसूतिवेदना आणि हातातला हात

तापीकाठच्या बुऱ्हाणपुरात १७ जून १६३१ रोजी मुमताज महलचा मृत्यू झाला. दख्खनच्या मोहिमेसाठी शाहजहानचा मुक्काम तेव्हा तेथे होता आणि चौदाव्या अपत्याला जन्म देताना ती दगावली. नदीपलीकडच्या झैनाबादेतील बागेत तिचे तात्पुरते दफन झाले, नंतर देह आग्र्याला नेण्यात आला. ताजमहालाच्या कथेत प्रेम असते, विरह असतो. प्रसूतीच्या कळा मात्र क्वचितच असतात. त्या कळा सोसताना स्त्रीजवळ कोणी असावे, हा प्रश्न आजही जुना झालेला नाही. त्याच्या उत्तरात आता मेंदूविज्ञानाचीही भर पडली आहे.

वेदना म्हणजे शरीराने मेंदूला धाडलेली निव्वळ खबर नव्हे. ती वाटेतच कमी-अधिक होते. १९६५ मध्ये रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी मांडले, की मज्जारज्जूत जणू एक दार असते. स्पर्शाचे संदेश जाड मज्जातंतूंतून वेगाने येतात आणि बारीक तंतूंतून येणाऱ्या वेदनेसाठी ते दार काहीसे लोटून घेतात. ठेच लागताच बोट चोळावेसे वाटते ते यामुळेच. कळा येत असताना कंबर चोळून देणाऱ्या सुईणीला हा सिद्धान्त ठाऊक नव्हता, पण परिणाम पुरता ठाऊक होता. सिद्धान्ताचे तपशील पुढे बदलले, गाभा टिकला.

हात धरण्याची गोष्ट निराळी. तेथे चोळणे नाही, तरीही आधार वाटतो. अमेरिकेत जेम्स कोन यांनी १६ विवाहित स्त्रियांच्या मेंदूचे स्कॅन केले आणि विजेचा सौम्य झटका बसण्याची भीती त्यांना दाखवली. पतीचा हात हाती असताना मेंदूतील धोक्याचा प्रतिसाद मंदावला. परक्याच्या हाताने तो कमी प्रमाणात मंदावला. संसार जितका सुखाचा, तितका परिणाम अधिक होता. हे संशोधन २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे पावेल गोल्डस्टीन यांना पत्नीच्या प्रसूतीच्या वेळी हाच प्रश्न पडला. त्यांनी २२ जोडप्यांवर प्रयोग केला. स्त्रीच्या हाताला चटका देत दोघांच्याही मेंदूतील विद्युतलहरी टिपल्या. हात धरलेला असताना त्या लहरी एकमेकींशी अधिक जुळल्या आणि जुळणी जितकी जास्त, तितकी वेदना कमी जाणवली. २०१८ चा हा निष्कर्ष आहे.

अर्थात, चटका म्हणजे प्रसूतीची कळ नव्हे, आणि रक्तस्राव हात धरून थांबत नाही. त्यामुळे प्रयोगशाळेपेक्षा प्रसूतिगृहातला पुरावा मोलाचा. कॉक्रेन संस्थेच्या २०१७ च्या आढाव्यात २६ चाचण्यांतील १५ हजारांहून अधिक स्त्रियांचा अनुभव तपासला गेला. सतत सोबत मिळालेल्या स्त्रियांची प्रसूती काहीशी लवकर झाली, सिझेरियनचे प्रमाण घटले आणि वेदनाशामकांची गरजही कमी भासली.

केंद्र सरकारने २०१६ मध्येच सरकारी रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी सोबतीण ठेवण्यास मुभा दिली. ती स्वतः प्रसूतीचा अनुभव घेतलेली असावी, अशी अपेक्षा आहे. पतीला प्रवेश मिळू शकतो, मात्र खोलीत इतर स्त्रियांचा खासगीपणा जपला जात असेल तरच. म्हणजे मेंदूविज्ञान काहीही सांगो, बुऱ्हाणपुरात काय किंवा गोव्यात काय, पतीने आत यावे की व्हरांड्यात येरझाऱ्या घालाव्यात, हे बऱ्याचदा दोन खाटांमधला एक पडदा ठरवतो.