राजाच्या रानात साखर घसरली तर

उत्तर वेल्समधील कॉइड-अ-ब्रेनिन, म्हणजे 'राजाचे रान'. येथील सायकलवाटा रंगांनी ओळखतात: हिरवी सर्वांत सोपी, मग निळी, लाल आणि काळी सर्वांत अवघड. मी मधुमेही, ग्लिक्लाझाइडची गोळी घेतो. निळ्या वाटेच्या चढावर हात थरथरू लागले, दरदरून घाम फुटला. दमलो असेन म्हणून तसाच निघालो. हीच चूक झाली. श्रम करताना स्नायू रक्तातील साखर ओढून घेतात आणि ही गोळी तर इन्सुलिन वाढवतच असते. सौभाग्यवतींनी थांबवून ग्लुकोजच्या गोळ्या चारल्या, पंधरा मिनिटांत बरे वाटले. पायी हिंडतानाही हा धोका असतोच. आपण जरूर जा. मात्र औषधाबद्दल डॉक्टरांना आधी विचारा, निघताना साखर तपासा आणि ग्लुकोज कोणत्या खिशात आहे ते सोबत्याला सांगून ठेवा.