लास कासास आणि मूलनिवासींची मुक्ती

स्पेनच्या सत्तेखालील वेस्ट इंडीजमध्ये मूलनिवासींना वसाहतवाल्यांच्या हवाली करून त्यांच्याकडून शेतांत व सुवर्णखाणींत वेठ घेण्याची जी ‘एन्कोमिएन्दा’ पद्धती रूढ होती, तिच्यात धर्मशिक्षणाची अट असली तरी प्रत्यक्षात ती दास्यच होती. १५११ मध्ये आंतोनियो दे मोंतेसिनोस या डोमिनिकन संन्याशाने सांतो दोमिंगो येथील प्रवचनात या पापाचा उघड धिक्कार केला. परंतु स्वतः असे वेठबिगार बाळगणारे धर्मगुरू बार्तोलोमे दे लास कासास यांचे मन पालटले ते १५१४ मध्ये, जेव्हा क्यूबात प्रवचनाची सिद्धता करीत असता, गरिबांना लुबाडून केलेले अर्पण ईश्वराला अमान्य आहे, या आशयाच्या शास्त्रवचनावर त्यांची दृष्टी खिळली. त्यांनी आपल्या ताब्यातील माणसांवरचा हक्क सोडला आणि पुढील आयुष्य मूलनिवासींच्या मुक्तीसाठी राजदरबारी याचना करण्यात वेचले. या प्रयत्नांत त्यांनी मूलनिवासींच्या जागी आफ्रिकी गुलाम आणण्याची सूचनाही केली होती. हा दोष मोठा खरा, पण आपल्या इतिहासग्रंथात त्यांनी त्याबद्दल स्पष्ट पश्चात्ताप नोंदविला आहे.

स्पेनच्या १५४२ च्या ‘नव्या कायद्यां’नी मूलनिवासींना गुलाम करण्यास मनाई केली. मात्र एन्कोमिएन्दा पद्धती वंशपरंपरेने चालू नये म्हणून घातलेले कलम वसाहतवाल्यांच्या विरोधामुळे १५४५ मध्ये रद्द झाले. चियापासचे बिशप झाल्यावर लास कासास यांनी मात्र तडजोड नाकारली, आणि लुबाडलेल्यांची भरपाई केल्याखेरीज एन्कोमिएन्दाच्या मालकांना पापक्षमा देऊ नये, असा दंडक आपल्या धर्मगुरूंना घालून दिला.